गाडी डोलते तेव्हा : स्वे बार बदलण्याआधी

तंजावरहून बोलतोय. मागच्या भागात शॉकॲब्जॉर्बर झाले, आज स्वे बार. कुणी याला अँटी-रोल बार म्हणतं, कुणी स्टॅबिलायझर बार. आमच्याकडच्या गॅरेजात नुसतं ‘स्टेबलायझर’ म्हटलं तरी भागतं. वस्तू एकच आहे. गाडीच्या पोटाखाली आडवी बसवलेली, दोन्ही टोकं एकाच बाजूला वाकवलेली पोलादी सळई. ना तिला मोटर, ना वायर, ना तेल. गाडी विकत घेताना तिच्याबद्दल कुणी विचारत नाही आणि विकणाराही सांगत नाही. पण ती चुकीची बसली तर काय होतं, हे मला माहीत आहे, कारण मीच ती चुकीची बसवून घेतली होती. ते कळलं तेव्हा आई मागच्या सीटवर होती.

एक खुलासा आधीच करून टाकतो. घरात आम्ही बोलतो ती मराठी व्यंकोजीराजांच्या काळात इकडे आलेल्या माणसांची आहे, आणि साडेतीनशे वर्षांत तिच्यात भरपूर तमिळ मिसळलं आहे. व्हिडिओत ती जशीच्या तशी ऐकू येते. पुस्तकात आणताना मीच बरीच सरळ केली आहे, नाही तर नागपूरच्या वाचकाला निम्मं कळायचं नाही.

तर गाडी वळणावर झुकते का? हे समजायला आमच्या गावची बाहुली घ्या. तंजावरची डोलणारी बाहुली तुम्ही पाहिली असेल, तमिळमध्ये तिला तलयाट्टी बोम्मै म्हणतात. तिला भौगोलिक मानांकनही आहे. बुडाशी मातीचा जड, गोल तळ आणि वर हलकं अंग. बोटाने ढकला, ती आडवी होईल असं वाटतं, आणि डुलत डुलत परत उभी राहते. कारण तिचं सगळं वजन खाली, तळाच्या गोलाईच्या मध्यबिंदूच्याही खाली आहे. ती कलली की वजन वर उचललं जातं आणि तेच वजन तिला परत खाली ओढतं. तिला उभं राहायला स्प्रिंग लागत नाही.

मोटारगाडी म्हणजे ही बाहुली उलटी करून ठेवलेली. गाडी ज्या अक्षाभोवती कलते तो अक्ष खाली, जमिनीपासून थोड्याच उंचीवर असतो. इंजिन, माणसं, छप्पर, सामान असं सगळं वजन त्याच्या वर. वळणावर हे वजन बाहेर जायला बघतं, आणि एकदा कललं की आपल्याच भाराने आणखी कलतं. तिला धरून ठेवतात त्या स्प्रिंगा. पण स्प्रिंगा फार ताठ केल्या तर प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो. मऊ ठेवल्या तर वळणावर गाडी लवंडल्यासारखी वाटते. या दोन्ही दुखण्यांवर एक युक्ती निघाली, ती ही सळई. कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांना 1919 साली तिचं पेटंट मिळालं. म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे.

स्प्रिंगच नसलेली गाडीही आमच्याकडे आहे. मंदिराचा रथ. इथे इंग्रजी बोलणारे त्याला ‘टेंपल कार’ म्हणतात, त्यामुळे ‘कार फेस्टिव्हल’ वाचून बाहेरगावचे पाहुणे मोटारींचं प्रदर्शन समजतात. बृहदीश्वराचा रथ कित्येक दशकं बंद होता, तो 2015 साली पुन्हा निघाला आणि चारी राजवीथ्यांतून फिरला. आमच्या घराजवळून गेला तेव्हा मी चाकांकडेच बघत होतो (बायको म्हणाली, देव वर आहे). आस कडक, चाक कडक, वर एवढी उंची. रस्त्याचा प्रत्येक उंचसखलपणा शिखरावर जाऊन मोठा होतो. वळवायला आणि थांबवायला माणसं चाकाखाली लाकडी ठोकळे सारतात. तिरुवारूरच्या प्रचंड रथाला तर तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने लोखंडी चाकं आणि हायड्रॉलिक ब्रेक करून दिले. रथ चालतो माणसाच्या चालीने, म्हणून हे सगळं जमतं. ताशी 60 किलोमीटरने जायचं तर चाकाला स्वतंत्रपणे वरखाली होता आलं पाहिजे. आणि तसं होऊ दिलं की झुकणं आलंच.

आता सळई काम कशी करते ते बघू. इंग्रजी यू अक्षर डोळ्यासमोर आणा. यूचा तळ म्हणजे सळईचा मधला आडवा भाग. तो दोन रबरी बुशांत धरून गाडीच्या सांगाड्याला टांगलेला असतो. यूचे दोन हात दोन चाकांकडे जातात आणि लहान लिंक रॉडने सस्पेन्शनला जोडले जातात.

गतिरोधक आला, दोन्ही चाकं एकदम वर गेली. दोन्ही हात एकदम वर, सळई बुशांत नुसती फिरते, कुणाला अडवत नाही. वळण आलं, गाडी उजवीकडे झुकली. उजवं चाक सांगाड्याच्या मानाने वर, डावं खाली. आता एक हात वर आणि दुसरा खाली, म्हणजे मधला भाग पिळला जातो, ओलं धोतर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावं तसा. पोलादाला पीळ आवडत नाही. ते उलट जोर लावतं आणि झुकणं कमी होतं. व्हिडिओत मी जाड तारेचा यू करून दाखवला होता. तुम्हीही करून पाहा. दोन्ही हात एकदम हलवले तर काहीच लागत नाही, उलटसुलट हलवले की बोटं दुखतात.

याचा दुसरा अर्थही इथेच लक्षात घ्या. एकच चाक खड्ड्यात गेलं तरी सळई पिळली जाते आणि तो धक्का दुसऱ्या चाकाकडेही पोचवते. सळई जितकी ताठ, तितकी फुटक्या रस्त्यावर गाडी डावी-उजवी हिसके देते. माणसांच्या माना आगगाडीत डुलतात तशा हलतात. म्हणून खडकाळ रस्त्यासाठी केलेल्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढची सळई बटण दाबून सोडवायची सोय दिली आहे. शर्यतीच्या मैदानावर खड्डे नसतात. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, आता चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै आणि कोइंबतूरजवळ करी मोटर स्पीडवे आहे. तिथल्या गाड्यांना जाड सळया शोभतात. तंजावर ते तिरुवैयारू रस्त्याला शोभतीलच असं नाही.

हा रस्ता फक्त 13 किलोमीटरचा, पण तेवढ्यात वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि कावेरी अशा पाच धारा ओलांडाव्या लागतात. प्रत्येक पुलाच्या अलीकडे-पलीकडे रस्ता वर चढतो, वळतो, उतरतो. आमची गाडी जुनी, उंच बांध्याची, पुढच्या चाकांना ताकद असलेली, मी वापरलेली म्हणून घेतली होती. तिचं नाव सांगत नाही, दोष तिचा नव्हताच. घेतल्यावर वर्षभरात ती वळणावर जास्तच झुकू लागली. आईचं कमरेचं ऑपरेशन झालं होतं आणि दर पंधरा दिवसांनी तिला कुंभकोणमला एका डॉक्टरांकडे न्यावं लागे, 40 किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. गाडी कलली की तिला कमरेत कळ यायची. दाराच्या वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसायची. एकदा म्हणाली, “अरे, ही गाडी आहे की तलयाट्टी बोम्मै?”

मी मेकॅनिकल शिकलेला माणूस. असं कुणी म्हटल्यावर काय होणार? झुकणं म्हणजे सळई कमी पडते, म्हणजे जाड सळई टाकायची. एका शहरातल्या मोठ्या दुकानात गेलो. त्यांनी गाडीखाली न वाकताच सांगितलं, “पुढची असू द्या सार, या गाड्यांना मागे सळईच नसते. मागे टाका, गाडी रुळावरून गेल्यासारखी जाईल.”

मागे सळई नसते, हे अर्धसत्य आहे. बऱ्याच लहान गाड्यांत मागच्या दोन चाकांना जोडणारी एक पिळली जाणारी तुळई असते, ट्विस्ट बीम. 1974 च्या फोक्सवागन गोल्फपासून ही रचना जगभर पसरली. ती तुळईच स्वे बारचं निम्मं काम करते. वेगळी सळई दिसत नाही म्हणून कंपनीने पैसे वाचवले, असा निष्कर्ष काढू नका. पुढच्या बाजूला तर आपल्या जुन्या मारुती 800 मध्ये स्वे बार खालच्या आर्मला पुढेमागे धरून ठेवायचंही काम करायचा. तो काढला असता तर चाक जागेवर राहिलं नसतं.

दुकानात मागच्या तुळईला बसणाऱ्या दोन सळया होत्या, 19 मिलिमीटरची आणि 22 मिलिमीटरची. किमतीत थोडाच फरक. दुकानदार म्हणाला, मोठीच घ्या, तीन मिलिमीटरने काय होतं! इथे मी हिशोब करायला हवा होता. भरीव सळईचा पिळाला होणारा विरोध तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 22 भागिले 19 म्हणजे 1.158. त्याचा चौथा घात साधारण 1.8. तीन मिलिमीटर वाढले आणि ताठपणा जवळजवळ 80 टक्क्यांनी वाढला. 20 ची 22 केली तरी 46 टक्के. डोळ्याला फरक दिसत नाही, गाडीला चांगलाच जाणवतो. हाच घात पोकळ सळईतही उपयोगी पडतो. 22 मिलिमीटरच्या सळईत 14 मिलिमीटरचं पोकळ भोक ठेवलं तर वजन 60 टक्क्यांपर्यंत उतरतं, पण ताठपणा 84 टक्के शिल्लक राहतो. गाभ्यातलं पोलाद पिळाच्या वेळी फारसं कामच करत नाही.

मी 22 ची घेतली. बसवून परत येताना खरंच मजा आली. मोकळा कोरडा महामार्ग, गाडी सपाट. आई दुसऱ्या दिवशी बसली आणि म्हणाली, वळणावर बरं वाटतं, पण गावात रस्ता खराब लागला की डोकं हलतं. मी म्हटलं, सवय होईल.

ऑक्टोबर उजाडला. डेल्टात तेव्हा कुरुवै भाताची कापणी संपत आलेली असते आणि ईशान्य मोसमी पाऊस दाराशी असतो. शेतकरी अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घालतात, पेंढाही पसरतात, गाड्या उरलेल्या अर्ध्या रस्त्यातून जातात. त्यांना दुसरी कोरडी सपाट जागा नसते, त्यामुळे राग कुणावर काढायचा, हा प्रश्नच आहे. कुंभकोणमहून परतत होतो, पापनाशमच्या अलीकडे. सर येऊन गेली होती. डावीकडे वळण, पलीकडे कालवा. वेग 50 च्या आत. वळणात शिरल्यावर ओला पेंढा दिसला आणि मी जे कुणीही करेल तेच केलं, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

मागची चाकं सरळ बाहेर निघून गेली. स्टिअरिंग उलट फिरवलं, गाडी एकदा इकडे, एकदा तिकडे झाली आणि रस्त्यात आडवी उभी राहिली. कालव्यापासून दीड-दोन हात. समोरून कुणी येत नव्हतं. आईने हँडल सोडलं नव्हतं. बायको काही बोलली नाही, पाण्याची बाटली तेवढी पुढे केली. माझे हात एवढे थरथरत होते की झाकण उघडेना.

नेमकं काय झालं होतं? यासाठी आकडे हातात घेऊ. समजा माणसांसकट गाडी 1400 किलोची आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून 60 सेंटिमीटर वर, डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर. 40 मीटर त्रिज्येचं वळण ताशी 45 किलोमीटरने घेतलं तर आडवा जोर वजनाच्या 0.4 पट येतो, म्हणजे 560 किलो. त्याला उंचीने गुणा, चाकांतल्या अंतराने भागा : 560 गुणिले 0.6 भागिले 1.5, उत्तर 224 किलो. एवढं वजन आतल्या दोन टायरांवरून उठून बाहेरच्या दोन टायरांवर जातं.

आता नीट ऐका, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. स्वे बार हे 224 किलो कमी करत नाही. गाडी कमी झुकली म्हणून वजन थोडं कमी बाहेर सरकतं, तेवढाच काय तो फरक. मुख्य आकडा वेग, वळण, उंची आणि रुंदी ठरवतात. बार ठरवतो एवढंच की त्या 224 मधले पुढच्या जोडीतून किती जायचे आणि मागच्या जोडीतून किती. जिकडे ताठपणा जास्त, तिकडून जास्त.

आणि टायरचा एक स्वभाव आहे. भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून थोडी कमीच वाढते. त्यामुळे एका जोडीत एका टायरवर खूप भार आणि दुसऱ्यावर नगण्य, असं झालं की त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढे ताठपणा जास्त असेल तर पुढची चाकं आधी घसरतात, गाडी वळायची तितकी वळत नाही, नाक बाहेर जातं. मागे जास्त असेल तर शेपूट बाहेर येतं. कंपन्या घरगुती गाड्या मुद्दाम पहिल्या प्रकारच्या ठेवतात. नाक बाहेर चाललं तर घाबरलेला माणूस पाय उचलतो, भार पुढे येतो, पुढच्या टायरांना पकड मिळते, गाडी वळते. भीतीने केलेली कृती तिथे उपयोगी पडते. शेपूट बाहेर चाललं असताना पाय उचलला तर मागचा उरलासुरला भारही पुढे जातो, आणि जे होऊ नये ते आणखी होतं. माझ्या गाडीत ते सावरणारी ईएससी यंत्रणा नव्हती. त्यात नवे टायर मी पुढे घातले होते, झिजलेले मागे ढकलले होते. पुष्कळ जण असंच करतात. दोनच नवे घेत असाल तर ते मागे घाला.

एवढ्यावर थांबलो असतो तर दोष जाड सळईला देऊन मोकळा झालो असतो. पण आमच्या गल्लीतला जुना मेस्त्री, ज्याला मी अण्णा म्हणतो, त्याने गाडी जॅकवर घेतली, पुढच्या चाकामागे टॉमी घालून लिंक रॉडला एक झटका दिला आणि टक्‌ असा आवाज आला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. वर्षभर गतिरोधकावरून तिरकं उतरताना मी तो ऐकत होतो आणि डिकीतला पाना हलतो असं समजत होतो. पुढच्या डाव्या लिंकचा बॉल जॉइंट खोबणीतून जवळजवळ सुटला होता. उजवीकडचा बुश झिजून त्याचं भोक अंड्याच्या आकाराचं झालं होतं.

म्हणजे पुढचा स्वे बार नावापुरता गाडीखाली होता. एक टोक सुटलं की सळई पिळली जात नाही, नुसती लोंबते. गाडी झुकायला लागली ती त्यामुळे. मूळ सळई कमी जाडीची होती म्हणून नव्हे. मी काय केलं? पुढचा ताठपणा गेलेला असताना मागचा वाढवला. तराजूचं एक पारडं आधीच खाली आणि मी वजनही त्याच पारड्यात टाकलं. कोरड्या रस्त्याने ते झाकून नेलं, ओल्या पेंढ्याने उघडं केलं.

अण्णा एवढंच म्हणाला, “सार, आधी आहे ते नीट करा ना.” त्याने मागची सळई काढून टाकली. पुढच्या दोन्ही लिंक आणि दोन्ही बुश नवे घातले. सगळं मिळून सळईच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यातही बसलं. महिनाभर तशीच चालवली. आईने हँडल धरणं सोडलं.

मोजमापही केलं, त्यात एक गंमत झाली. मी गाडीत ओळंबा टांगला आणि वळणावर तो किती अंश कलतो ते बघू लागलो. मूर्खपणा होता. वळणावर ओळंबा आडव्या जोरानेच बाहेर जातो, गाडी मुळीच झुकली नाही तरी जाईल. फोनमधली पातळी दाखवणारी सोयही तशीच फसते. शेवटी भाच्याला रिकाम्या मैदानाच्या कडेला उभं केलं, त्याने मागून चित्रण केलं आणि थांबवलेल्या चित्रावर कोन मोजला. तुटकी लिंक फेकली नव्हती, ती पुन्हा लावून एकटाच हळू चालवत एक फेरी केली आणि नवी लावून दुसरी, त्याच वर्तुळावर, त्याच वेगाने. तुटक्या लिंकवर साडेचार अंशांच्या आसपास, नव्या लिंकवर तीनच्या थोडं वर. जाड सळई न घालता.

मग जाड सळई कुणी घालूच नये का? तसं मी म्हणत नाही. गाडीची बाकी तब्येत ठणठणीत असेल, टायर चांगले असतील, आणि तरीही ती वळणावर नाक बाहेर काढत असेल, तर मागे बेताची सळई टाकून फरक पडतो, छानच पडतो. मी स्वतः सहा महिन्यांनी पुन्हा बसवली, पण 19 मिलिमीटरची, आणि टोकाला दोन भोकं असलेली. लिंक बाहेरच्या भोकात लावली की सळईचा हात लांब होतो आणि ती मऊ पडते. ताठपणा हाताच्या लांबीच्या वर्गाच्या उलट चालतो. 20 सेंटिमीटरचा हात 22 केला तर ताठपणा साधारण 17 टक्क्यांनी उतरतो. मी बाहेरच्याच भोकात ठेवली आहे. आतलं भोक एकदाच वापरलं, भाच्याच्या आग्रहाखातर, मैदानात, आई घरी असताना. आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलेलं त्याच्या चित्रणात दिसतं. पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत ते लगेच धोक्याचं नसतं, शर्यतीत तर नेहमी दिसतं. पण एक टायर हवेत म्हणजे मागची पकड एकाच टायरवर आली, हे विसरू नका.

पुढची सळई जाड करायची असेल तर परिणाम उलटा. झुकणं कमी होतं, गाडी सरळसोट आणि निर्धोक राहते, पण वळणात आणखी आळशी होते. मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाड्यांत गणित पुन्हा बदलतं. तिथे मागे ताठपणा वाढवला तर आतलं चाक हलकं होऊन वळणातून बाहेर पडताना नुसतं फिरत बसतं. म्हणून ‘माझ्या मित्राने टाकली, मीही टाकतो’ हे इथे चालत नाही. त्याची गाडी कोणती, ते आधी बघा.

कायद्याचं विचारलं जातं म्हणून सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली तेच अधोरेखित केलं. स्वे बारची जाडी त्या प्रमाणपत्रावर नसते. तरी मी विमा कंपनीला लेखी कळवलं आणि उत्तर जपून ठेवलं. अपघातानंतर वाद घालण्यापेक्षा हे सोपं.

आता बसवण्याबद्दल थोडं, कारण इथेच निम्मी गॅरेजं घाई करतात. गाडी एका बाजूने जॅकवर आणि दुसरं चाक जमिनीवर, अशा अवस्थेत लिंकचे नट कधीही आवळू देऊ नका. सळई आधीच पिळलेली असते आणि लिंकचं भोक जुळत नाही, मग मेस्त्री हातोडीने जुळवतो. दोन्ही चाकं सारखी लोंबती ठेवा किंवा दोन्ही जमिनीवर. रबरी बुश असलेले बोल्ट शेवटी, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळायचे. आधीच आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. लिंक नेहमी जोडीने बदला. पॉलियुरेथेनचे बुश घातलेत तर सोबत आलेलं सिलिकॉन ग्रीस लावा, नाही तर थंडीच्या सकाळी गाडी बैलगाडीसारखी कुरकुरते. रबरी बुशाला गॅरेजमधलं साधं ग्रीस लावू नका, खनिज तेलाने रबर फुगतं.

आणि नवी सळई विकत घ्यायच्या आधी दहा मिनिटं गाडीखाली घाला. सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, पुढच्या चाकाआतली लिंक हाताने धरून हलवा. दोन्ही चाकं जमिनीवर असताना ती सैल लागली, टकटकली, तर खिशात हात घालायची गरज नाही, मेस्त्रीकडे जा. मग बुश बघा, टॉर्च मारून. सळई आणि रबर यांच्यामध्ये उजेड दिसला तर बुश गेला. टायरमधली हवा, टायरचं वय, शॉकॲब्जॉर्बरवर तेलाचे ओघळ, हे आपण मागच्या भागात पाहिलंच. हे सगळं नीट असून गाडी झुकत असेल, तर 19 आणि 22 चा विचार करा, आणि दुकानदाराने मोठी घ्या म्हटलं तर चौथा घात आठवा.

नवी बसवल्यावर 500 किलोमीटरनंतर सगळे नट एकदा पुन्हा तपासून घ्यायचे. माझी 22 मिलिमीटरची अजून घरीच आहे, दुकान परत घेईना. पावसाळ्यात आई ती मागच्या दाराला अडसर म्हणून लावते.